ओळखीची वही कोणाची? : लघुव्यावसायिकांसाठीच्या संपर्कजाल व समाजमाध्यम-विपणन विचाराची चिकित्सा (विशेष संदर्भ : अड्याळ परिसर)

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत लघुव्यावसायिकाला दिल्या जाणाऱ्या उपदेशाचा एक साचा ठरून गेला आहे. उद्योजकता विकासाची कार्यशाळा असो, महिला बचत गटाचे प्रशिक्षण असो की वाणिज्य शाखेच्या पदवी वर्गातील विपणनाचे प्रकरण असो, सांगणे बहुधा एकच असते : ओळखी वाढवा, समाजमाध्यमांवर या, नियमितपणे काहीतरी टाकत राहा, ग्राहक आपोआप येईल. या सांगण्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु ते ज्या गृहीतकांवर उभे आहे त्यांची तपासणी मराठीत फारशी झालेली नाही. प्रस्तुत लेखात ती करण्याचा प्रयत्न आहे.

तपासणीचे ठिकाण म्हणून अड्याळ आणि त्याचा परिसर घेतला आहे. अड्याळ हे भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात, भंडारा-पवनी मार्गावर वसलेले मोठे गाव. भोवताली धानाची शेती. किराणा, कृषी केंद्र, शिवणकाम, मोबाईल दुरुस्ती, चहा-नाश्ता, पिठाची गिरणी अशा व्यवसायांवर येथील अनेक कुटुंबांचा निर्वाह चालतो. आपल्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या, पण नोकरी न मिळालेल्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांचा शेवटचा आधार असेच एखादे छोटे दुकान असते. त्यामुळे हा विषय केवळ वाणिज्य विभागाचा राहत नाही.

या लेखाचे निमित्त एका माजी विद्यार्थिनीच्या प्रश्नाने मिळाले. शिवणकामाच्या व्यवसायात तिने एका समाजमाध्यमावर पान उघडून तीन वर्षे चिकाटीने काम केले. गावातील स्त्रियांबरोबर बाहेरगावची गिऱ्हाइकेही तिला मिळू लागली. एके दिवशी तिचे खाते बंद पडले. कारण तिला समजले नाही आणि दाद कोठे मागावी हेही कळले नाही. गावातील गिऱ्हाइके दुसऱ्या दिवशीही दाराशी आली. बाहेरगावच्यांची नावे तिला आठवत होती, पण त्यांचे पत्ते वा दूरध्वनी क्रमांक तिच्याजवळ नव्हते. तिने विचारले, "सर, मग ती गिऱ्हाइकं माझी होती की त्यांची?" वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विपणनाच्या कोणत्याही व्याख्येत या प्रश्नाचे उत्तर मला सापडले नाही. पुढील विवेचन हे त्या उत्तराचा शोध आहे.

'ओळख' आणि 'संपर्कजाल' : संकल्पनेची चिकित्सा

व्यवसायासाठी माणसे जोडण्याचे शास्त्र म्हणून आज जे सांगितले जाते त्याचा एक लोकप्रिय उगम डेल कार्नेगी यांच्या 'हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल' (१९३६) या पुस्तकात दाखवता येतो. मैत्री आणि प्रभाव हे दोन शब्द तेथे शीर्षकातच शेजारी बसले. पुढे अमेरिकेत १९८५ मध्ये आयव्हन मिस्नर यांनी स्थापन केलेल्या बीएनआय या संस्थेने सदस्यांनी ठरावीक दिवशी एकत्र यावे आणि एकमेकांकडे गिऱ्हाईक पाठवावे अशी शिस्तबद्ध पद्धत रूढ केली. महाराष्ट्रात माधवराव भिडे यांनी सुरू केलेल्या सॅटर्डे क्लबने हाच विचार मराठी उद्योजकांपर्यंत नेला. मराठी माणूस धंद्यात एकाकी पडतो, या जाणिवेतून हे काम उभे राहिले आणि त्याचे महत्त्व नाकारता येत नाही.

तथापि या क्लबचे ब्रीदवाक्य समीक्षकाने लक्षपूर्वक वाचावे असे आहे. तुकोबांच्या एका सर्वपरिचित अभंगचरणावर ते बेतलेले आहे. परस्परांना साहाय्य करण्याचा भाग तसाच ठेवून शेवटी 'सुपंथा'च्या जागी 'श्रीमंत' होण्याचा संकल्प आलेला आहे. हा बदल खेळकर आहे, आणि धन मिळवणे हे तुकोबांनाही निषिद्ध नव्हते. मार्ग उत्तम असावा एवढीच त्यांची अट होती. परंतु शब्द बदलला की वाक्याचा भारही बदलतो. 'सुपंथ' हा चालण्याचा मार्ग आहे, तर 'श्रीमंत' हा पोहोचण्याचा मुक्काम. मार्गाचा विचार गळून मुक्कामाचा तेवढा उरला, की साहाय्य हे साधन ठरते. संपर्कजालविषयक बहुतेक मार्गदर्शनपर लेखनात नेमके हेच घडलेले दिसते. किती माणसे जोडली याची मोजणी तेथे असते; कोणत्या वाटेने जोडली आणि ती वाट कोणाच्या मालकीची आहे, याची चौकशी नसते.

या लेखनातील दुसरी उणीव समाजशास्त्रीय आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या 'द स्ट्रेंग्थ ऑफ वीक टाईज' या निबंधात जवळचे घट्ट संबंध आणि दूरचे सैल संबंध असा भेद केला. घट्ट संबंधांतील माणसे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे त्यांच्याजवळची माहितीही बहुधा सारखीच असते. नवी बातमी, नवी संधी ही दूरच्या, जुजबी ओळखीच्या माणसाकडून येण्याची शक्यता अधिक, कारण तो आपल्याला दुसऱ्या वर्तुळाशी जोडतो. हा भेद ध्यानात घेतला तर 'ओळखी वाढवा' हा उपदेश अपुरा ठरतो. कोणत्या ओळखी, हे सांगितल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही.

झाडीपट्टीची स्वतःची संपर्कव्यवस्था

ग्रामीण व्यावसायिकाला संपर्कजाल नाही, ते त्याने नव्याने विणावे, असे मार्गदर्शक गृहीत धरतात. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. अड्याळसारख्या गावात दुकानदार हा गिऱ्हाइकाच्या तीन पिढ्यांना ओळखतो. धान निघाल्यावर फेडायची उधारी, लग्नकार्यात आगाऊ दिलेला किराणा, आजारपणात न मागितलेले पैसे या सर्वांची नोंद त्याच्या वहीत असते आणि वहीत नसलेली नोंद मनात असते. हे घट्ट संबंधांचे जाळे आहे. त्याने धंदा टिकतो, पण सहसा वाढत नाही. कारण या जाळ्यातील प्रत्येक माणूस आधीच गिऱ्हाईक झालेला असतो.

सैल संबंधांसाठीही या प्रदेशाने स्वतःची सोय केलेली आहे. आठवडी बाजार ही त्यातील एक, आणि दिवाळीनंतरची मंडई ही दुसरी. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्याचा काही भाग मिळून होणाऱ्या झाडीपट्टीत गावोगावी वेगवेगळ्या दिवशी मंडई भरते. लेकी-जावई, सोयरे, त्यांचे शेजारी असे पाहुणे घरोघरी उतरतात. दिवसा दुकाने लागतात, रात्री नाटक होते. सोयरिकी जुळतात, बैलांच्या आणि धानाच्या भावांच्या गोष्टी होतात. एका गावची माहिती दुसऱ्या गावी पोहोचवणारी अशी ही व्यवस्था ग्रॅनोव्हेटर यांच्या सैल संबंधांचे चालतेबोलते उदाहरण होय. मंडईतील अनोळखी गिऱ्हाईक खरे तर पूर्णपणे अनोळखी नसते. ते कोणाचे तरी पाहुणे असते. म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवता येतो आणि त्यालाही दुकानदारावर विश्वास ठेवता येतो. परक्याला ओळखीच्या माणसाच्या हाताने दारी आणणे हे या व्यवस्थेचे मर्म आहे.

अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाऊन थांबणे हेही चुकीचे ठरेल. तिच्यात जातीच्या भिंती आहेत. कोणाच्या दुकानातून कोणी काय घ्यावे याचे न बोललेले नियम आहेत. स्त्रीने चालवलेल्या व्यवसायाला बाजारातील मोक्याची जागा सहजासहजी मिळत नाही. शिवाय ही व्यवस्था गावाच्या स्थिरतेवर अवलंबून आहे. गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले आणि पुढील काळात पवनी, भंडारा, कुही या तालुक्यांतील अनेक गावे मूळ जागेवरून हलली. गाव हलले की उधारीची वही आणि तिच्यातील माणसे वेगवेगळ्या दिशांना जातात. अशा विखुरलेल्या माणसांना पुन्हा जोडणारे साधन म्हणून दूरध्वनीचे मोल किती आहे, हे त्या कुटुंबांना सांगावे लागत नाही. तेव्हा जुने चांगले आणि नवे वाईट अशी मांडणी येथे अभिप्रेत नाही.

दोन पूर्वोदाहरणे : किर्लोस्करांचे पत्रक आणि बिडीची छाप

समाजमाध्यम-विपणन ही अगदी नवी गोष्ट आहे असे मानले जाते. ग्राहकाला विकण्यापूर्वी त्याला काही वाचायला द्यावे, त्याच्याशी संबंध जोडावा, हा तिचा गाभा मानला तर महाराष्ट्रात तो शंभर वर्षांहून जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराविषयी त्या काळच्या शेतकऱ्यांच्या मनात शंका होत्या. लोखंडाने जमीन विषारी होते असा समजही होता. नुसत्या जाहिरातीने असा समज जाणारा नव्हता. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक निघाले आणि शंकरराव किर्लोस्करांनी त्याचे संपादन केले. कारखान्याच्या वस्तूंची माहिती देता देता ते वाचकांशी बोलू लागले, आणि त्यातूनच 'किर्लोस्कर' हे मराठीतील एक मातब्बर मासिक घडले. पुढे 'स्त्री' (१९३०) आणि 'मनोहर' (१९३४) ही त्याची भावंडे आली.

आजच्या विपणनशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे उदाहरण सांगताना एक बाब ठळकपणे मांडावी लागेल. छापखाना किर्लोस्करांचा होता. ज्या पत्त्यांवर अंक जात ते पत्तेही त्यांच्याच दप्तरात होते. वाचकाशी जडलेले नाते कोणा तिसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नव्हते. टपालखात्याचे तिकीट लावावे लागे हे खरे, पण कोणता अंक कोणत्या वाचकाला द्यावा आणि कोणाला देऊ नये, हे टपालखाते ठरवत नव्हते.

याच्या अगदी विरुद्ध उदाहरण भंडारा जिल्ह्याच्या इतिहासातच आहे, आणि ते बिडी उद्योगाचे. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा होण्यापूर्वीच्या अखंड भंडारा जिल्ह्यात तेंदूपत्ता विपुल होता, आणि शेतीचे काम नसताना घरबसल्या बिड्या वळणाऱ्या हातांचीही उणीव नव्हती. कारखानदार पत्ता आणि तंबाखू पुरवी, मध्यस्थ तो घरोघरी वाटी, बाया-माणसे सुपावर बसून बिड्या वळत आणि मजुरी हजारी हिशेबाने मिळे. वळलेली बिडी कारखानदाराकडे परत जाई. तेथे तिच्या कट्ट्यावर छापील कागद चिकटे आणि मगच ती बाजारात जाई.

बिडी वळण्याचे कसब वळणाऱ्या बाईच्या बोटांत होते. पण ओढणारा ओळखत असे ती छाप. त्याने दुकानात मागितली ती छाप, बाई नव्हे. म्हणून कारखानदार दुसऱ्या गावची बाई लावू शकत असे; बाईला मात्र दुसरे गिऱ्हाईक शोधता येत नसे, कारण तिचे गिऱ्हाईक कोण हे तिला कधी कळलेलेच नव्हते. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरबसल्या, मध्यस्थामार्फत काम करणाऱ्यालाही कामगार म्हणून मान्यता दिली. हे संरक्षण मोलाचे होते. तथापि छापेची मालकी आणि तिच्याबरोबर येणारे गिऱ्हाईक जेथे होते तेथेच राहिले. या इतिहासातून एक सूत्र निघते : व्यवसाय कसबाने उभा राहतो, पण त्यावरील सत्ता ज्याच्या हाती गिऱ्हाइकाची ओळख असते त्याच्याकडे जाते.

समाजमाध्यमांची रचना : कोणते गिऱ्हाईक, कोणाच्या वहीत?

या सूत्राच्या प्रकाशात आजची साधने पाहता येतील. व्हॉट्सॲप २००९ मध्ये सुरू झाले, २०१४ मध्ये फेसबुकने ते विकत घेतले आणि जानेवारी २०१८ मध्ये छोट्या व्यावसायिकांसाठी त्याची स्वतंत्र आवृत्ती आली. मधल्या काळात, सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओच्या आगमनाने इंटरनेट स्वस्त झाले आणि गावागावातील हातांत पोहोचले. आज ग्रामीण दुकानदाराचे पहिले आणि पुष्कळदा एकमेव समाजमाध्यम हेच असते.

त्याच्या रचनेतील एक बारकावा मात्र प्रशिक्षणात क्वचितच सांगितला जातो. एकच संदेश अनेकांना पाठवण्यासाठी जी प्रसारण यादी असते, तिची मूळ रचना अशी की ज्याच्या फोनमध्ये आपला क्रमांक जतन केलेला आहे, त्यालाच संदेश पोहोचतो. म्हणजे ज्याने आपल्याला आधीच ओळखीत घेतले आहे, त्याच्याशीच बोलता येते. नको असलेल्या जाहिरातींपासून लोकांना वाचवण्यासाठी ही अट योग्यच आहे. पण तिचा अर्थ असा की हे साधन घट्ट संबंध जपते. सैल संबंध निर्माण करत नाही. दुकानदार सणाच्या सवलतीचा संदेश टाकतो आणि तो त्याच माणसांना जातो, जी सणाला त्याच्याचकडे येणार होती. 'स्टेटस'चीही गत साधारण हीच. गावचा दुकानदार फोनवर आला खरा, पण फोनमध्येही त्याला आपले गावच भेटले.

परक्या गिऱ्हाइकासाठी मग फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या माध्यमांकडे वळावे लागते. येथे अडचण दुसऱ्या प्रकारची आहे. पानाला मिळालेले अनुयायी हे आपले गिऱ्हाईक आहेत असा समज सुरुवातीला होतो. परंतु त्यांच्यापर्यंत आपला मजकूर पोहोचेल की नाही, हे माध्यमाची गणनप्रणाली ठरवते. ओगिल्वी या जाहिरात संस्थेच्या २०१४ मधील पाहणीत नामांकित उत्पादनांच्या फेसबुक पानांवरील मजकूर पैसे न भरता किती अनुयायांपर्यंत पोहोचतो याचा शोध घेतला होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये सुमारे १२ टक्के असलेले हे प्रमाण फेब्रुवारी २०१४ पर्यंत सुमारे ६ टक्क्यांवर आले होते. जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने आप्तेष्टांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे जाहीर केले, तेव्हा व्यावसायिक पानांचा वाटा आणखी घटणे अपेक्षितच होते. आधी गिऱ्हाईक जमवायला बोलवायचे आणि मग त्याच गिऱ्हाइकाशी बोलण्याचे पैसे मागायचे, असा हा क्रम आहे. मंडईत पाल ठोकण्याचे भाडे द्यावे लागते, हे दुकानदाराला मान्य असते. पण स्वतः बोलावून आणलेल्या पाहुण्याला भेटण्यासाठीही भाडे द्यावे लागेल, असे त्याला कोणी सांगितलेले नसते.

याखेरीज अवलंबित्वाचा धोका आहे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होते. निर्णयाची राष्ट्रीय सुरक्षेशी निगडित कारणे काहीही असोत, त्या माध्यमावर लाखोंचा प्रेक्षक मिळवलेल्या ग्रामीण कलावंतांचे आणि विक्रेत्यांचे संपर्कजाल त्यामुळे एकदम तुटले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या तिन्ही सेवा जगभर सुमारे सहा तास बंद होत्या. तीन वेगळी दुकाने वाटणारी ही एकाच मालकाची तीन दारे आहेत, ही गोष्ट त्या दिवशी अनेकांच्या ध्यानात आली. माझ्या विद्यार्थिनीचे बंद पडलेले खाते ही याच रचनेची छोटी, बातमीत न येणारी आवृत्ती होती. बिडी वळणाऱ्या बाईप्रमाणे तिच्याही बोटांत कसब होते. गिऱ्हाइकाची ओळख मात्र दुसऱ्याच्या दप्तरात होती.

करवतकाठी साडी : माध्यमाचा सार्थ उपयोग

हे सर्व असूनही समाजमाध्यमांनी खरोखर काही साधता येते का, याचे उत्तर याच परिसरातील एका वस्तूच्या आधारे शोधता येईल. पूर्व विदर्भातील कोशाची करवतकाठी साडी ही ती वस्तू. ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशापासून टसर रेशीम निघते. या साडीचे अंग त्या धाग्याचे, आणि किनार वेगळ्या रंगाच्या सुताची वा रेशमाची. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी हे किनारीचे वैशिष्ट्य. ती विणताना तीन धोटे वापरतात आणि अंग व किनार यांच्या सांध्यावर दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवले जातात. या साडीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. भंडारा जिल्ह्यातील विणकरांच्या पिढ्या या कसबावर जगल्या, आणि यंत्रमागावरील नकलेने त्यांची कोंडी केली.

आता या साडीची जाहिरात समाजमाध्यमावर कशी होते ते पाहावे. बहुतेक वेळा घडी घातलेल्या साडीचे वा ती नेसलेल्या स्त्रीचे छायाचित्र असते. छायाचित्रात रंग दिसतो, नक्षी दिसते. पण रंग आणि नक्षी यांची नक्कल यंत्रमागही करतो. जे यंत्रमागाला सहज जमत नाही, म्हणजे सांध्यावरील धाग्यांची गुंफण आणि तीन धोट्यांची ये-जा, ते छायाचित्राबाहेर राहते. अशी जाहिरात अभावितपणे नकलेचाच फायदा करून देते, कारण पडद्यावर दोन्ही सारख्या दिसतात आणि नक्कल स्वस्त असते.

याउलट मागावर चालणाऱ्या हातांचे एक मिनिटाचे चित्रण, किनारीच्या उलट बाजूचे जवळून घेतलेले दृश्य, अस्सल आणि नक्कल कशी ओळखावी याचे विणकराच्या स्वतःच्या बोलीतील दोन वाक्यांचे निवेदन, यांतून ग्राहकाच्या पारखण्याच्या शक्तीत भर पडते. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला विणकर भेटत नव्हता, व्यापारी भेटत होता. हे अंतर तोडण्याची क्षमता या माध्यमात आहे आणि ती पूर्वीच्या कोणत्याही साधनात इतक्या स्वस्तात नव्हती. 'किर्लोस्कर खबर'ने नांगराविषयीच्या शंकेला माहितीने उत्तर दिले. येथेही तेच अपेक्षित आहे. मात्र चित्रण पाहून आलेल्या ग्राहकाचे नाव, गाव आणि क्रमांक त्याच्या संमतीने विणकराच्या वहीत उतरला पाहिजे. दुसऱ्या साडीच्या वेळी त्या ग्राहकाला गाठण्यासाठी पुन्हा माध्यमाच्या दारात उभे राहावे लागू नये.

काही आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की फुकट मिळणाऱ्या साधनाकडून मालकीची अपेक्षा करणे अवास्तव आहे; ज्याच्याजवळ वर्तमानपत्रात जाहिरात देण्याइतके पैसे नाहीत त्याला निदान दार तरी उघडले गेले. हा आक्षेप रास्त आहे. माझी विद्यार्थिनीसुद्धा त्या माध्यमावाचून बाहेरगावी पोहोचली नसती. म्हणून माध्यम सोडा असे येथे म्हणायचे नाही. भाड्याच्या जागेत धंदा करणारा माणूस गल्ला मात्र रोज घरी नेतो, एवढी सावधगिरी पुरेशी आहे.

दुसरा आक्षेप असा की गिऱ्हाइकांचे क्रमांक जमवण्याचा हा आग्रह उद्या खाजगीपणावर आक्रमण ठरेल. हाही विचारात घेण्याजोगा आहे. वैयक्तिक विदेच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात संमतीच्या तत्त्वाला मध्यवर्ती स्थान आहे. दुकानदाराच्या वहीतील क्रमांक हा गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला ठेवा असतो. तो विकायचा नसतो आणि त्यावर दिवसातून चार संदेशही पाठवायचे नसतात. गावच्या उधारीच्या वहीने ही मर्यादा बहुतांशी पाळली होती. कोणाकडे किती बाकी आहे हे चार माणसांत न बोलणे हा दुकानदारीचा जुना धर्म आहे. त्याचाच हा विस्तार मानावा.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. ग्रामीण लघुव्यावसायिकाजवळ संपर्कजाल नसते हे गृहीतक चुकीचे आहे; त्याच्याजवळ घट्ट संबंधांचे जाळे असते, उणीव असते ती दूरच्या वर्तुळाशी जोडणाऱ्या सैल संबंधांची. व्हॉट्सॲपसारखे साधन मुख्यतः पहिल्या प्रकारचे संबंध जपते. फेसबुकसारखी माध्यमे दुसऱ्या प्रकारचे संबंध जोडून देतात, परंतु त्या संबंधांची वही स्वतःजवळ ठेवतात. म्हणून कोणत्याही संपर्कजालाचे मूल्यमापन अनुयायांच्या संख्येने न करता दोन प्रश्नांनी करणे उचित ठरेल : या साधनाने परके गिऱ्हाईक दारी येते का, आणि आल्यावर त्याची ओळख कोणाच्या वहीत नोंदली जाते?

प्राध्यापकवर्गाच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ आहे. विपणनाच्या प्रकल्पकार्यात आपण विद्यार्थ्यांना पान उघडायला लावतो, अनुयायी मोजायला लावतो आणि त्यावर गुण देतो. त्याऐवजी परिसरातील एखाद्या दुकानदाराबरोबर बसून त्याच्या गिऱ्हाइकांची यादी तयार करणे, त्यांतील कोण मंडईतून आले, कोण नात्यागोत्यातून आणि कोण फोनवरून हे शोधणे, आणि माध्यम उद्या बंद झाले तर यांतील किती जणांपर्यंत तो पोहोचू शकेल हे तपासणे, असा प्रकल्प देता येईल. त्यासाठी संगणक प्रयोगशाळेची गरज नाही. भाषा विभागाच्या विद्यार्थ्यांना जाहिरातींची भाषा तपासता येईल, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मंडईचा अभ्यास करता येईल. बहुविद्याशाखीय म्हणवणाऱ्या अभ्यासाला याहून योग्य विषय आपल्या परिसरात क्वचितच सापडेल.

माझ्या विद्यार्थिनीने आता नवे पान उघडले आहे. मापे लिहिण्याच्या तिच्या वहीत नावापुढे गाव आणि क्रमांक यांसाठी दोन रकाने वाढले आहेत. बाहेरगावचे गिऱ्हाईक आले, की ती आधी विचारून मग ते भरून घेते. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी देण्यापूर्वी तिनेच शोधले होते. अभ्यासक्रमाने ते तिच्याकडून शिकायला हरकत नसावी.